रातकिड्याचे एकोणीस अंक

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी नीलचा आणि माझा मिळून असा एकही छंद नव्हता. त्याला क्रिकेट बघवत नाही, मला डोंगर चढवत नाही. रविवारी दुपारी कोपरीतल्या आमच्या घरात तो सोफ्याच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, आणि मधे दोन मोबाइल चार्जिंगला. भांडण नाही, तंटा नाही. माझी मैत्रीण क्षिप्रा म्हणायची, तुमचं घर म्हणजे डेंटिस्टची वेटिंग रूम आहे. मला तिचा रागच यायचा, कारण खरं होतं.

नील मुळातच कमी बोलणारा. एअर-कंडिशनिंगच्या कंपनीत ड्रॉइंग्ज काढतो. मी खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा वर्षं नोकरी करतेय. आमच्याकडे नियम साधा आहे: रिझल्ट विचित्र आला तर टेस्ट पुन्हा लावायची, आणि पुन्हा तेच आलं तरच रिपोर्टवर सही. देवाधर्माचंही मी बेताबेतानंच करते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, बाई भोळी दिसते.

फेब्रुवारीत सासूबाईंच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला रंग काढला. माळ्यावरचं सामान उतरवताना पत्र्याची एक पेटी निघाली. आईंनी ती फडक्यानं पुसली, उघडली नाही. "ही तुम्ही घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

पेटीत काय असणार ते नीलला माहीत होतं. स्कूटरवरून येताना शिळफाट्यापर्यंत त्यानं तीनदा थांबून पेटीची दोरी तपासली.

इथे अद्वयदादाचं सांगायला हवं. नीलचा मोठा भाऊ. नीलचे वडील मोहन्याच्या रेयॉन कंपनीत होते, तेव्हा हे सगळे कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. तीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात दोघं भाऊ घरी न सांगता उल्हास नदीवर गेले आणि नील एकटा परत आला. अद्वय तेरा वर्षांचा होता, नील अकरा. नदीवर काय झालं ते नीलनं कुणालाही सांगितलं नाही. वडील गेले तोवर त्यांनाही नाही. दर वर्षी वैशाखात दादाच्या तिथीला आई आमरस-पुरी करतात, नीलला शेजारी बसवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "त्या दिवशी काय झालं रे?" रागानं नाही हं. औषध घेतलंस का, असं विचारावं तशा सुरात. आणि नील म्हणतो, "मला आठवत नाही, आई." मग दोघं मुकाट्यानं जेवतात. लग्नानंतर आठ वेळा मी हे बघितलंय, आणि दर वेळी तो आमरस माझ्या घशाखाली उतरलेला नाही. कारण नीलला आठवत होतं. त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळायचं.

पेटीत कॉमिक्स होती. "रातकिडा" नावाचं मासिक, एक ते एकोणीस अंक. मी जन्मात कधी नाव ऐकलं नव्हतं. कागद हाताला भरभरीत, छपाईत लाल रंग सरकलेला, त्यामुळे सगळ्यांचे ओठ गालावर. रातकिडा दिवसा पालिकेत कारकून, आणि रात्री मुखवटा घालून गच्च्यांवरून हिंडणार. त्याचं किर्र चालू असेपर्यंत चोर निर्धास्त. ते थांबलं की समजायचं, भरली घटका.

"काय रे हे, ह्याला उडता पण येत नाही?" मी म्हटलं.

"त्याला जिना चढता येतो," नील म्हणाला आणि हसला. खरंच हसला, दात दिसेपर्यंत. नऊ वर्षांत तसं हसलेलं मी मोजून चार वेळा बघितलं असेल. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, दर रविवारी आपण दोघांनी एक अंक वाचायचा. क्षिप्राच्या नाकावर टिच्चून.

पहिला अंक त्यानं माझ्या हातात दिला आणि लगेच काढून घेतला. "थांब, असा नाही द्यायचा." शेवटचं पान उलटून दाखवलं. तिथे समासात दोन नावं होती. "अद्वय", त्यावर एक सरळ रेघ. खाली "नील".

हा मोहन्याच्या क्वार्टर्समधल्या पोरांचा नियम. कॉमिक ज्याचं, त्याचं नाव शेवटच्या पानावर. दुसऱ्याला द्यायचं तर आपलं नाव आपल्या हातानं खोडायचं, आणि घेणाऱ्यानं आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं. मगच ते त्याचं. दुसऱ्याचं नाव खोडायचं नाही, आणि एकदा खोडलेलं परत मागायचं नाही. तीस क्वार्टर्समधली पोरं हा नियम पाळायची, त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

"आपण काय आता पहिलीत आहोत?" मी म्हटलं. पण त्यानं इतक्या गंभीरपणे पेन काढलं की मला गंमत वाटली. त्यानं "नील"वर रेघ मारली. खाली मी "ऋजुता" लिहिलं, वर एक फूलही काढलं.

दुसऱ्या अंकानंतरच्या बुधवारी मी तांदूळ धुवायला घेतले. डब्यात हात घातला आणि वाटलं, आता बोटांना पुस्तकाची कड लागेल. लागली नाही अर्थातच. पण इतकं पक्कं वाटलं की मी डबा परातीत उपडा केला. तांदूळच होते. ओट्याशी उभी राहून मला कळत होतं की अद्वय नवा अंक तांदळाच्या डब्यात लपवतो, कारण नील तिथे बघत नाही. कळत होतं म्हणजे, मला आपल्या शाळेचं फाटक आठवतं तसं आठवत होतं.

मी आईंना फोन लावला, आडून विचारलं.

"अगं हो की!" त्या म्हणाल्या. "भाताला तांदूळ काढायला जावं तर हाताला पुस्तक. किती ओरडायची मी. नीलनं सांगितलं वाटतं?"

नीलनं नव्हतं सांगितलं. संध्याकाळी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तांदळात? तांदळात पुस्तक कोण ठेवतं?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

विचित्र रिझल्ट आला तर टेस्ट पुन्हा लावायची. मी मधे चार अंक जाऊ दिले आणि सातव्याच्या आधी शनिवारी नीलला बसवून विचारलं, ह्या अंकाची काही आठवण आहे का रे? तो घडाघडा बोलला. दादाला गोवर निघालेला, म्हणून अंक आणायला हा एकटा गेलेला. स्टेशनच्या रस्त्यावर नाथाचा पेपरचा स्टॉल. येताना चपलेचा अंगठा तुटला, नाथानं सेफ्टी पिन लावून दिली, ती घरी येईपर्यंत पायाला टोचत होती. मी सगळं डायरीत उतरवून घेतलं, तारीख-वेळ टाकून.

रविवारी त्यानं नाव खोडलं, मी लिहिलं, वाचलं. सोमवारी सकाळी चहा घेताना तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"सातवा अंक? नाही बा. वाचला असेल लहानपणी."

"नाथा कोण?"

"कोण नाथा?"

टाळत नव्हता. टाळणारा नील मला ओळखू येतो. तो बिस्किट चहात बुडवून आरामात माझ्याकडे बघत होता. आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी काहीतरी टोचत होतं. खाली वाकून बघितलं. पायात काहीच नव्हतं.

इथेच थांबायला हवं होतं. डायरी समोर होती, पुरावा धडधडीत होता. मी थांबले नाही, आणि का ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. एक म्हणजे नील खुलायला लागला होता. आंघोळ करताना गाणी म्हणायचा. मला उठवून चहा द्यायचा. सिनेमाची तिकिटं स्वतःहून काढली, हॉलमध्ये टोपी विकत होते ती घेऊन माझ्या डोक्यावर ठेवली. अंगावरचं ओझं कुणीतरी एकेक करून उतरवून ठेवत असल्यासारखा दिसत होता. आणि दुसरं म्हणजे, मला अद्वय आवडायला लागला होता. मी एकटी वाढले, भाऊ-बहीण कुणी नाही. आता मला एक भाऊ होता जो "ए, सरक ना" म्हणून माझ्या पांघरुणात पाय घालायचा, कैरी फोडून मोठी फोड मला द्यायचा, आणि पैज लावून हरल्यावर रडायचा. माझ्याच्यानं रविवारची वाट बघितल्याशिवाय राहवेना. चटक लागली म्हणा.

बाराव्या अंकानंतर एकदा लॅबमधून निघाले, पाऊण तास रिक्षा मिळेना. एक रिकामी रिक्षा लांबून वळून जायला लागली. मी दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. डेपोतल्या माणसांनी वळून बघितलं. मला शिट्टी येत नाही. लहानपणी शिकायला गेले तर नुसती थुंकी उडायची. ही शिट्टी मला अद्वयनं शिकवली होती, पाण्याच्या टाकीच्या मागे, जीभ कशी दुमडायची ते दाखवून.

रिक्षात बसल्यावर मी ती दोन बोटं ओढणीला पुसत राहिले. दुसऱ्याच्या भावाला किती ओरबाडायचं माणसानं?

त्या दिवशी घरी आल्यावर मी बाराव्या अंकावरचं माझं नाव खोडलं आणि नीलच्या हातात पेन दिलं. "तू लिही परत." त्यानं लिहिलं, हसत हसत, सही केल्यासारखं. मी आठवडाभर थांबले. काही झालं नाही. जे माझ्याकडे होतं ते माझ्याकडेच राहिलं. खोडलेलं परत मागायचं नाही, हा नियमच होता. मी पेटी बंद करून पलंगाखाली ढकलली आणि कानाला खडा लावला.

पुढच्या शनिवारी मला ड्यूटी होती. घरी आले तर नील जमिनीवर मांडी घालून बसलेला, समोर सहा अंक पंख्यासारखे मांडलेले. तेरा ते अठरा.

"सरप्राइज!" तो म्हणाला. "किती दिवस एकेक करत बसायचं? सगळे खोडले मी. हे पेन घे."

मी ओरडले. त्याला कळेना, काय चुकलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मी नाव लिहिणार नाही, जा. मला वाटलं, मी लिहिलं नाही तर तेवढं तरी त्याच्याकडे राहील.

रविवारी आईंकडे आंबे द्यायला गेलो. रंग काढलेल्या भिंतीवर अद्वयदादाचा फोटो पुन्हा लावला होता, शाळेच्या गणवेशातला. आई आत पापड भाजत होत्या. नील फोटोसमोर उभा राहिला, मान तिरकी करून. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हा कोण गं मुलगा? आईच्या माहेरचा आहे का कुणी?"

 मी त्याला बाल्कनीत पाठवलं आणि आत गेले.

आई पापडाकडे न बघता खिडकीकडे बघत होत्या. पापड जळून काळा झालेला. "ऋजुता," त्या म्हणाल्या, "सकाळपासून आठवतेय बघ. अद्वयला कुठला आंबा आवडायचा? दर वर्षी त्याच आंब्याचा रस करते मी. नावच आठवेना मेलं. वय झालं म्हणायचं, दुसरं काय." त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "आणि शिट्टी कोण मारायचं गं, तो की नील?"

ते सहा अंक कुणाचेच नव्हते. नीलनं सोडले होते आणि मी धरले नव्हते. जे कुणाचंच नाही ते राहतं कशाला?

मी नीलला घाई करून घरी आणलं. चपलाही न काढता सहाही अंकांवर माझं नाव लिहिलं आणि तिथेच जमिनीवर बसून एकापाठोपाठ एक वाचून काढले. चारला बसले, साडेसहाला उठले. डोकं फुटायची वेळ आली होती. सात वाजता आईंचा फोन.

"आठवलं गं. पायरी! पायरीच लागायचा त्याला."

"हो, आई," मी म्हटलं. "आणि कोय चोखायला तोच बसायचा." बोलून गेले.  मग त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं एकदाचं. भाऊ माझ्याकडे आला, नील मोकळा झाला. कसलं काय!

चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही तलावपाळीला फिरत होतो. भेळवाले, फुगेवाले, माणसांचा बाजार. नील मधेच थांबला.

"मला कुणीतरी हाक मारतंय."

"कोण?"

"माहीत नाही." तो पाण्याकडे बघत होता. पेडल बोटीत पोरं होती, ती आपापसात खिदळत होती. "पुन्हा मारली. ऐकू नाही आली तुला?"

त्यानंतर तो तळ्याकडे फिरकला नाही. मग बादलीत नळ सोडून आंघोळ करेना. पाणी वाहायला लागलं की उठून दुसऱ्या खोलीत जाई. गाणी बंद झाली. जेवताना घास हातात धरून बसे. एका दुपारी मी धुणं वाळत घालत होते, तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"ऋजू, मी काहीतरी केलंय," तो म्हणाला. "फार वाईट केलंय. काय केलंय ते आठवत नाही. कुणाला केलंय ते पण आठवत नाही. तुला माहितीये का? सांग ना."

मी त्याला जवळ घेतलं. काय सांगणार होते? दोष तेवढा त्याच्याकडे उरला होता. ज्याच्यासाठी तो वाहायचा, तो माणूस मी काढून घेतला होता. निदान आधी त्याच्याजवळ भाऊ तरी होता. मी माझ्या नवऱ्याचं चांगलं करायला गेले आणि त्याला भिकेला लावलं. त्याच्या पाठीवर हात फिरवताना मला माझीच घृणा आली.

एकोणिसावा अंक त्यानं मला कधी दिला नव्हता. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. मी तो न उघडता पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी तिथी होती.

डोंबिवलीला आई स्वयंपाकघरात पुरीची कणीक मळत होत्या. मी नीलला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, सुतळी सोडली. शेवटचं पान उघडलं.

"अद्वय". खाली "नील".

पण अद्वयच्या नावावरची रेघ बाकीच्या अठरा अंकांसारखी नव्हती. ती एक रेघ नव्हती. हिरव्या शाईनं पाच-सहा वेळा गिरवलेलं होतं, कागद फाटेपर्यंत.

"खोड," मी म्हटलं. "ती हाक ह्यातच आहे."

नीलनं पेन हातात घेतलं.  "हे दिल्यावर ती हाक बंद होईल?"

"होईल."

"मग तुला ऐकू येईल."

मी अंक त्याच्यापुढे सरकवला. त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग आपलं नाव खोडलं, एका सरळ रेघेत.

मी "ऋजुता" लिहिलं. फूल काढलं नाही. पहिलं पान उघडलं.

दगड गरम आहे. चड्डीतून चटका बसतोय.

अंक अद्वयचा आहे, नवा कोरा. त्यानंच आणला, त्यानंच नाव घातलं. मला म्हणाला, मी पाण्यातून येईपर्यंत वाच, पण नाव माझं. माझं वाचून झाल्यावर देईन तुला.

मला आत्ताच हवाय.

खिशात हिरव्या रिफिलचं पेन आहे. तो पाण्यात आहे, त्याची पाठ माझ्याकडे. मी शेवटचं पान काढते आणि त्याचं नाव खोडते. दुसऱ्याचं नाव खोडायचं नाही, मला माहितीये. म्हणून जोरात खोडते. खाली माझं लिहिते.

"नील्या!"

त्यानं बघितलं वाटतं. आता अंक मागणार. चार पानं राहिलीत.

"नील्या, ए!"

नाटकी आहे. मी वर बघत नाही. रातकिडा जिन्यावर आहे आणि किर्र थांबलंय.

तिसरी हाक अर्धीच येते.

चार पानं वाचून होतात. मी वर बघते. नदी सपाट आहे.

"ऋजुता, पानं घेतली गं," आईंनी बाहेरून हाक मारली. मी दचकून उठले. नील खोलीत नव्हता. बाहेर त्याचा आवाज येत होता, तो आईंना मोठ्यानं सांगत होता की पुऱ्या काय फुगल्यात, वा!

तीन ताटं मांडली होती. आईंनी नीलला शेजारी बसवलं. वाटीत रस वाढला, वर तूप सोडलं. पदराला हात पुसले. आणि दर वर्षीसारखं विचारलं,

"त्या दिवशी काय झालं रे?"

"कुठल्या दिवशी?" नील म्हणाला. तोंडात घास, चेहरा स्वच्छ. कपाळावरची आठीसुद्धा गेली होती. त्याच्या मानेकडे बघितलं मी. सरळ होती.

आईंचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षं त्यांनी "आठवत नाही" ऐकलं होतं, हे कधी ऐकलं नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला दाबता येईना. ते माझं होतं.

"मी सांगते, आई," मी म्हटलं. "मी काठावर बसलेले. अंक त्याचा होता, मी त्याचं नाव खोडलं. मग त्यानं हाक मारली. मला वाटलं, अंक परत मागतोय. चार पानं राहिलेली, म्हणून मी वर बघितलं नाही."

आईंनी रसात बुडवलेली पुरी ताटात परत ठेवली. बाहेर शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता, तो थांबला.

"किती हाका मारल्या?"

"अडीच."

"पहिलीला बघितलं असतं तर दिसला असता?"

"दिसला असता, आई. हात लांब केला असता तर पोचला असता." आणि मग मला रडू फुटलं. अकरा वर्षांच्या पोरासारखी मी ताटावर वाकून रडले, नाक गळेपर्यंत. "मला माफ करा. मी कॉमिक शर्टाखाली लपवून घरी आले. मी कुणालाच सांगितलं नाही."

मी कुठे होते तेव्हा, मला कसं ठाऊक, त्यांनी काही विचारलं नाही. त्या उठल्या, नीलच्या मागून वळसा घालून माझ्याकडे आल्या. रसाचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. त्यांचा हात जड होता.

"एवढंच ना," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी तीस वर्षं जीव खाल्लास होय? मी काय मारलं असतं? खा आता. निवेल ते."

मी खाल्लं. त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या, मी वाटी पुसून संपवेपर्यंत. नीलला त्यांनी परत काही वाढलं नाही. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

निघताना त्यांनी मला पोटाशी धरलं आणि नीलला "सांभाळून जा हं, जावईबापू" असं म्हणाल्या. चुकून म्हणाल्या असतील. नीलनंही वाकून नमस्कार केला.

शिळफाट्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली. उन्हानं डांबर मऊ झालेलं. नीलनं आरसा सरळ केला. त्यानं मागे हात आणून माझा गुडघा थोपटला.

"ऋजू," तो अगदी मायेनं म्हणाला, "नऊ वर्षांत एकदाही बोलली नाहीस गं, तुला भाऊ होता ते." सिग्नल हिरवा झाला, तरी त्यानं गाडी काढली नाही. "काय नाव होतं त्याचं?"

मी नाव सांगितलं.

"छान आहे," नील म्हणाला.